एकांताची राखण

माझ्या सासूबाईंनी आमच्या मंडळीतल्या बायकांना जेवढा एकांत मिळवून दिला तेवढा आजवर कुणी दिला नसेल, आणि त्या एकांताचा त्यांनी स्वतः जेवढा भंग केला तेवढाही कुणी केला नसेल. मंडळी म्हणजे आमच्या चर्चची मंडळी. छावणीच्या बाजूला आमचं जुनं दगडी चर्च आहे, भोवती आवार, आवारात कडुनिंब. सासूबाई सरकारी दवाखान्यात परिचारिका होत्या. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी पाळकसाहेबांपासून भाजीवाल्यापर्यंत सगळे त्यांना सिस्टरच म्हणायचे. मी आई म्हणायचे. माहेर पिशोर गावचं, सगळं आयुष्य शहरात जाऊनही राग आला की त्यांच्या तोंडातून पिशोर बाहेर पडायचं. आवाज असा, की वॉर्डच्या या टोकाला त्यांनी नुसतं खाकरलं तरी त्या टोकाचा चुळबुळ्या पेशंट मुकाट्यानं आडवा व्हायचा, असं त्यांच्या जुन्या मैत्रिणी अजून सांगतात. अशा बाईंकडे मौन, मनन, उपवास आणि एकांत शिकवायचं काम आलं, ते आमच्या तरुण पाळकसाहेबांच्या भाबडेपणामुळं.

पाळकसाहेब कुठल्याशा प्रशिक्षणाला जाऊन आले होते आणि येताना पुष्कळ उत्साह घेऊन आले होते. ईस्टरच्या आधीचे उपवासाचे दिवस तोंडावर होते. या दिवसांत बायकांनी नुसतं उपासनेला येऊन बसू नये, रोजच्या जगण्यात साधना करावी, असं त्यांना वाटत होतं. शनिवारी दुपारी वर्ग घ्यायचा, दर वेळी एक साधना शिकवायची. बायका ऐकतील कुणाचं, तर सिस्टरांचं. सासूबाईंनी लगेच हो म्हटलं. नाही म्हणायची सवय त्यांना फक्त भेटीची वेळ संपल्यावर आलेल्या नातेवाइकांसाठी होती.

पहिला शनिवार उपवासाचा. बाकीच्यांनी उपवासावर प्रवचन दिलं असतं. आमच्या आई पिशवीतून प्रेशरचं मशीन घेऊन गेल्या आणि प्रत्येकीचा दंड आवळून बसल्या. साखरवाल्या एका बाजूला, प्रेशरवाल्या दुसऱ्या बाजूला. ज्यांना उपवास झेपणार नव्हता त्यांना त्यांनी साफ सांगितलं की तुम्ही जेवायचं, गोळी घ्यायची आणि दुसरं काहीतरी सोडायचं. एकीनं विचारलं, काय सोडू? सासूबाई तिला तिच्या लग्नापासून ओळखत होत्या. म्हणाल्या, "नणंदेबद्दल बोलणं सोड." ती बाई बराच वेळ विचार करून म्हणाली की सिस्टर, मग मी उपवासच करते, गोळीचं काय ते बघा. वर्ग हसला, पण ती दोन शनिवार नणंदेबद्दल खरंच बोलली नाही. तिसऱ्या शनिवारी तिची नणंदच काळजीनं चौकशी करायला आली, वहिनीला बरं नाही का म्हणून.

एकांताचा वर्ग मात्र असा हसण्यावारी गेला नाही. प्रार्थना करायची तर आतल्या खोलीत जाऊन दार लावून घ्यावं, ही प्रभूची शिकवण सासूबाईंनी सांगितली आणि आता घरी जाऊन प्रत्येकीनं तसं करायचं, असं फर्मान काढलं. मागच्या बाकावर पडेगावची शालन बसली होती. कपडे शिवून संसाराला हातभार लावणारी, फार न बोलणारी. तिनं विचारलं, "सिस्टर, खोली कुठंय? हाय ती एकच. तिच्यात सासू-सासरे, टीव्ही अन् माझी मशीन. दार लावून घेतलं तर सगळेच आत राहत्यात." बायका आधी हसल्या. मग एकेक जण आपापलं घर आठवायला लागली. कुणाकडे दोन खोल्या होत्या, पण एकीत मुलांचा अभ्यास. कुणाकडे न्हाणीला तेवढं दार होतं, आणि तेही आतून लागत नव्हतं. त्या दिवशी माझ्या स्कूटीवर मागे बसून सासूबाई घरापर्यंत एक अक्षर बोलल्या नाहीत. मला वाटलं, त्यांनाच बरं वाटत नाहीये. घरात शिरताना म्हणाल्या, "इतकी वर्षं मी लोकांना खाटा मिळवून दिल्या. खोल्या का नाही मिळणार?"

तेव्हापासून त्यांना जगात दुसरं काही दिसेनासं झालं. कुठलीही इमारत बघितली की तिच्यात रिकामी खोली आहे का, एवढंच त्या बघायच्या. एका लग्नात नवरीच्या आईला त्यांनी नवरीच्या पाठवणीआधीच विचारलं, की हिची खोली आता रिकामीच ना? नवरीची आई आधीच रडत होती, ती जास्तच रडायला लागली. चर्चमागची अडगळीची खोली त्यांनी पहिली ताब्यात घेतली. तिथं मोडके बाक, नाताळची चांदणी आणि नाटकातल्या मेंढरांचे कापसाचे पोशाख होते. मेंढरं एका कोपऱ्यात रचून त्यांनी एक चटई, एक खुर्ची आणि आतून लागणारी कडी एवढी सोय केली. दुसरी खोली शेजारच्या खालांची. खालांच्या गच्चीवर रजया ठेवायची खोली होती. सासूबाई भीत भीत विचारायला गेल्या, तर खालांनी कमरेची किल्लीच काढून दिली. म्हणाल्या, "इबादत के वास्ते होना ना? लेलो. मेरे बच्चे तो ऊपर जातेच नै." पुढं पुढं ज्या दिवशी आमच्या बायका नसत तेव्हा खाला स्वतःच तिथं जाऊन बसायला लागल्या, आणि खाली येऊन सासूबाईंना सांगायच्या की बडा सुकून है, सिस्टर, कमरा तो मेराच था, मालूमच नै था.

आता राखण. बाई आत गेली की सासूबाई दाराबाहेर प्लास्टिकच्या खुर्चीत बसायच्या, मांडीवर निवडायची मेथी नाहीतर सोलायचे मटार. आवारात पाखरू आलं तरी त्यांना खपत नसे. मुलं खेळायला आली की त्यांना गप्प करण्यासाठी त्या अशा काही ओरडायच्या, की मुलांनी दुपारभर केला नसता तेवढा आवाज त्या एका क्षणात करायच्या. कुणी भेटायला आलं तर आत कोण आहे, कशासाठी आहे, आणि इथं बोलायचं का नाही, हे त्या मोठ्यानं समजावून सांगायच्या. बायका म्हणायच्या, आत देवाचा आवाज ऐकू यावा म्हणून बसतो, पण येतो सिस्टरांचाच. तरीही कुणी यायचं सोडलं नाही. कारण अर्ध्या तासानं बाहेर आल्यावर सासूबाई कधीच विचारत नसत की आत काय केलंस. पुष्कळजणी झोपायच्या. एकदा पाळकसाहेबांना आतून घोरणं ऐकू आलं आणि त्यांनी हळूच सुचवलं की सिस्टर, हा वेळ प्रार्थनेसाठी आहे. सासूबाई मटार सोलत म्हणाल्या, "झोपू द्या. घरी तिला कुणी झोपू देत नाही. उठली की बोलेल देवाशी, तो कुठं जातोय?" पाळकसाहेब चांगले गृहस्थ. ते दबक्या पावलांनी परत गेले.

स्वतः मात्र त्या कधीही त्या खोलीत गेल्या नाहीत. मी एकदोनदा म्हटलं, आई, आज तुम्ही बसा, मी राखण करते. तर म्हणायच्या, मी ड्युटीवर आहे. घरीही त्यांना शांतता सोसत नसे. स्वयंपाकघरात रेडिओ, बाहेर टीव्ही, आणि मध्ये या कुकरशी बोलत असायच्या. सासरे होते तेव्हा असं नव्हतं, माझे यजमान सांगतात. सासरे अतिशय कमी बोलायचे आणि दोघं संध्याकाळभर ओट्यावर मुकाट बसलेली असायची. सासरे गेले आणि त्या मुकाट बसण्यातला एकच माणूस उरला.

असाच एक शनिवार. शालन आत होती. सासूबाई मटार सोलत होत्या आणि मी त्यांना न्यायला लवकर येऊन पायरीवर बसले होते. तेवढ्यात फाटकाशी एक रिक्षा थांबली आणि चालकाच्या सीटवरून शालनचा नवरा उतरला. घरी पाहुणे आले होते आणि चहाला कुणी नव्हतं, एवढं कारण पुरेसं होतं. पण त्याच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की हे साठत आलेलं आहे. तो सरळ दाराकडे निघाला. सासूबाई उठल्या नाहीत. त्यांनी खुर्ची फक्त जराशी सरकवली, ती बरोबर दारासमोर आली.

"येईल ती. दहा मिनिटं बसा," त्या म्हणाल्या.

"आत काय करती ती, दार लावून?"

"मला ठाऊक नाही. मी कधी विचारलं नाही. तुम्हीबी विचारू नका."

तो काहीतरी जोरात बोलणार होता, तेवढ्यात आतून रडण्याचा आवाज आला. आधी दबलेला, मग दबता दबेना असा. शालनची धाकटी मुलगी आदल्या वर्षी तापानं गेली होती. आम्ही सगळे मातीला गेलो होतो. शालन तिथं कोरड्या डोळ्यांनी उभी होती आणि दुसऱ्या आठवड्यात मशीनवर बसली होती. बायका मागून कुजबुजल्या होत्या की बाई घट्ट मनाची आहे. आता तो आवाज ऐकून तिचा नवरा जिथल्या तिथं थांबला. मग दाराकडे झेपावला, तसा सासूबाईंनी त्याचा हात धरला. रागानं नाही, दवाखान्यात नातेवाइकांचा हात धरत असतील तसा.

"आत्ता नको," त्या म्हणाल्या. त्यांचा एवढा हळू आवाज मी पहिल्यांदा ऐकला. "लई दिवसांचं हाय. येऊ दे बाहेर."

तो खाली पायरीवर बसला, माझ्याजवळच. सासूबाईंनी मटारांचं ताट त्याच्यासमोर सरकवलं आणि तो शेंगा सोलायला लागला. मग ताटाकडे बघतच म्हणाला, "घरी रडली नाय ती कधी. मला वाटायचं, तिला काय वाटतच नाय."

"अन् तुम्ही?" सासूबाईंनी विचारलं. "तुम्ही कुठं रडलात?"

त्यानं फाटकाकडे मान हलवली. "रिक्षात. पडेगावच्या रोडला, सवारी नसली की."

शालन बाहेर आली तेव्हा तिचा नवरा ओंजळभर मटार घेऊन उभा होता आणि ते कुठं ठेवायचे ते त्याला कळत नव्हतं. तिनं पदर पुढं केला. त्यात त्यानं मटार टाकले आणि दोघं रिक्षाकडे गेले. ती इतर सवाऱ्यांसारखी मागे बसायला निघाली. पण मग काय वाटलं कुणास ठाऊक, पुढं त्याच्या शेजारीच अर्ध्या सीटवर अवघडून बसली. आमचे मटार गेले ते गेलेच. सासूबाई घरी आल्यावर म्हणाल्या, आज पिठलं कर.

पुढच्या शनिवारपासून तोच तिला आणून सोडायला लागला. आणि उपवासाचे दिवस संपता संपता एके दिवशी त्यानं सासूबाईंना खालमानेनं विचारलं, की ती खोली फक्त बायांसाठीच हाय का? सासूबाईंनी पाळकसाहेबांना न विचारताच त्याला आत पाठवलं आणि बाहेर खुर्चीत बसून आवारातल्या एका निष्पाप कुत्र्यावर एवढ्या ओरडल्या, की आत तो बिचारा नक्कीच दचकला असेल.

त्यानंतर दर वर्षी उपवासाच्या दिवसांत ती खोली उघडत राहिली. सासूबाई मागच्या हिवाळ्यात गेल्या. त्याच्या आधी वर्षभर त्यांना ऐकू येणं फार कमी झालं होतं. कानातलं यंत्र आणलं होतं, ते त्या डबीत ठेवायच्या; म्हणायच्या, त्यात आपलाच आवाज परक्या बाईसारखा येतो. रेडिओ लावण्यात अर्थ उरला नव्हता. त्या शेवटच्या उपवासाच्या दिवसांत मी एका शनिवारी त्यांना न्यायला गेले, तर दाराबाहेरच्या खुर्चीत शालन बसलेली. मला बघून तिनं ओठांवर बोट ठेवलं. सिस्टर आत गेल्यात, म्हणाली. आपण होऊन गेल्या. म्हणाल्या, तू बस हितं.

मी तिच्याजवळ उभी राहिले आणि आतून सासूबाईंचा आवाज आला. स्वतःला ऐकू येत नसलं की माणूस किती मोठ्यानं बोलतं, हे त्यांच्या लक्षातच नव्हतं. आवारभर ऐकू जात होतं. आधी मला वाटलं, देवाशी बोलतायत. मग कळलं की मध्येच सासऱ्यांशीही बोलतायत, आणि कोणतं वाक्य कुणाला आहे ते त्यांनी त्या दोघांवरच सोडलं होतं. ओट्याची फरशी उखडलीये, ते सांगून झालं. खालांचा गुडघा दुखतो, त्याच्यासाठी मागणं झालं. मग म्हणाल्या, "सुनेचा हात अजून मिठाला जड हाय. पण मी बोलत नाही. पोरगी लई..."

शालननं माझा हात धरला. "चला वहिनी," ती कुजबुजली. "आपलं नाय ते ऐकायचं."

मला ऐकायचं होतं. त्या वाक्याचं पुढं काय झालं, ते मला आजही ऐकायचं आहे. पण शालनची पकड घट्ट होती आणि तिचं म्हणणं बरोबर होतं. आम्ही कडुनिंबाखालून चालत पार फाटकापाशी गेलो. तिथवर शब्द पोचत नव्हते, नुसता आवाज येत होता, चढणारा, उतरणारा, मध्येच हसणारा. आम्ही दोघी रस्त्याकडे तोंड करून उभ्या राहिलो आणि कुणी आत जायला आलं, की त्याला हातानंच थांबवत राहिलो.