बरणी हुंगणारी हरणाबाई

थिनरचा वास माझ्या घरात पहिल्यांदा शिरला तो ९ एप्रिल १९७३ रोजी. त्या दिवशीच्या डायरीत एवढंच आहे : "लालासाहेबांचं यंत्र सुरू झालं. दुपारपासून मळमळ. भात तसाच राहिला."

सांगलीत आमच्या परसाच्या भिंतीपलीकडे त्यांनी पत्र्याची शेड टाकली होती. लालासाहेब मूळचे कोरेगावचे, फौजेतून सुभेदार होऊन परतलेले. हळदीच्या आणि चहाच्या पुड्यांसाठी सेलोफेनवर रंगीत छपाई करणारं ग्रॅव्ह्युअरचं यंत्र त्यांनी मुंबईहून आणलं होतं. मी पाचगणीच्या कॉन्व्हेंटात शिकलेली, घरात एकटी. तेव्हा मुंबईच्या व्यापाऱ्यांना जाणारी इंग्रजी पत्रं ते माझ्याकडून लिहून घेत. पाच वर्षं मी ती लिहिली. त्याची मला आज शिसारी येते. पण सांगायचं आहे ते हरणाबाईबद्दल.

हरणाबाई हरिपूरची. तिथे हळद जमिनीखाली पेवांत साठवतात. पेव म्हणजे आत रुंद आणि तोंडाशी माणूस जेमतेम उतरेल एवढा अरुंद असा खोल खड्डा, वरून मातीनं लिंपलेला. आत ओल शिरली तर वरून कळायला मार्ग नसतो. हरणाबाईचा सासरा पेव भरण्या-काढण्याचं काम करी. पेव उघडलं की तो सुनेला हाक मारायचा. ती तोंडाशी ओणवी होऊन श्वास घ्यायची आणि सांगायची, "खालच्या थराला पानी लागलंय," नाहीतर, "काढा, सोन्यावानी हाय." तिचा शब्द कधी खाली पडला नाही. नवरा आणि सासरा गेल्यावरही कुणाचं पेव उघडायचं असलं की तिला बोलावणं येई.

लालासाहेबांकडे ती पुड्या भरायला म्हणून लागली. तिसऱ्याच दिवशी एक पुडी हुंगून ती म्हणाली, "मालक, ह्यात हळद हाय का राकेल?"

"पुडी भर गुमान. लय नाक हाय तुला!" लालासाहेब म्हणाले.

पंधरा दिवसांनी साताऱ्याच्या व्यापाऱ्यानं अख्खी गाडी परत पाठवली. हळदीला शाईचा वास येतो म्हणून गिऱ्हाइकं तोंडावर पुड्या फेकत होती. लालासाहेबांनी त्याच दिवशी हरणाबाईला भरायच्या कामावरून उठवलं आणि स्टुलावर बसवलं.

तिचं काम साधं होतं. छापलेल्या सेलोफेनचा हातभर तुकडा कापायचा, काचेच्या बरणीत घालून झाकण घट्ट लावायचं, बरणी अर्धा तास उन्हात ठेवायची. मग झाकण उघडून एकदाच हुंगायचं. वास आला तर माल नापास, यंत्र बंद. रजिस्टरात तिची सही लागे. ती सही मीच तिला शिकवली, माझ्या स्वयंपाकघरात, पाटीवर. या कामासाठी तिनं कच्चा लसूण सोडला आणि वयाच्या बाराव्या वर्षापासून दातांना लावत आलेली मिश्रीही सोडली. मिश्री सुटल्यावर महिनाभर तिचं डोकं ठणकत होतं.

यंत्र मला समजावून सांगितलं ते रहिमाननं. तो मिरजेचा, यंत्र चालवणारा. तांब्याच्या सिलिंडरवर डोळ्याला दिसणार नाहीत असे बारीक खळगे कोरलेले असतात. सिलिंडर शाईत फिरतो, पोलादी पट्टी वरची शाई निपटून काढते, खळग्यांतली तेवढी राहते आणि सेलोफेन ती उचलतं.

"त्या पट्टीला डॉक्टर म्हनत्यात, काकू," रहिमान म्हणाला. "आमच्या मिरजंचं डॉक्टर खिसा पुसत्यात, ह्यो बिचारा नुसती शाई पुसतो."

खळग्यांत उतरण्यासाठी शाई पाण्यासारखी पातळ लागते, म्हणून तीत थिनर. पुढे गरम हवेच्या पेटीतून सेलोफेन जाताना थिनर उडून जायला हवं. नाही उडालं तर पुडीच्या आत मुरतं आणि मग आपल्या आमटीत येतं.

चित्रं मात्र सुरेख येत. त्या देखणेपणाचीच मला किळस होती. बाहेर हसरी लक्ष्मी, आणि शेडमध्ये माणसं त्याच थिनरनं हात धुऊन त्याच हातांनी भाकरी खायची. मागच्या गटारात कधी लाल पाणी, कधी हिरवं. एकदा त्यात मांजराचं पिल्लू पडलं, ते हिरवं होऊन मेलं. मी लालासाहेबांना बोलावून दाखवलं, तर ते हसून म्हणाले, "काकू, रंग पक्का हाय आपला."

तरी पहिली तीन वर्षं हरणाबाईचा दरारा होता. ती "बंद करा" म्हणाली की रहिमान खटका ओढायचा. आलेल्या पाहुण्यांना लालासाहेब तिच्यासमोर नेऊन उभे करत. "आमची तपासनीस!" ती पदर सावरून ताठ बसे. पेवाच्या तोंडाशी तिला मान होता तो इथेही मिळाला, याचं तिला फार अप्रूप होतं.

जानेवारी १९७६ मध्ये नवं यंत्र आलं. सहा रंग, आणि वेग पहिल्याच्या तिप्पट. मुंबईत म्हणे आता सिलिंडरही विजेच्या यंत्रानं कोरून मिळत होते, चित्र आणखी रेखीव. सगळं पुढं गेलं, फक्त गरम हवेची पेटी होती तेवढीच राहिली. सेलोफेन तिच्यातून इतक्या घाईनं जाई, की थिनर उडायला सवडच नसे. हरणाबाई दिवसाआड माल नापास करू लागली. लालासाहेब चिडले, ओरडले. मग हळूहळू नापासाचे शेरे कमी झाले आणि १९७७ च्या पावसाळ्यानंतर थांबलेच. पेटी सुधारली असेल, असं मला वाटलं. मी व्यापाऱ्यांना लिहिलं, "आमच्या अनुभवी तपासनिसांच्या परीक्षेत गेल्या सहा महिन्यांत एकही लॉट नापास झालेला नाही." फार ऐटीचं वाक्य होतं. त्याची नक्कल डायरीत आहे.

१९ जुलै १९७८. हरणाबाई संध्याकाळी माझ्याकडे आली होती. मी दूध स्टोव्हवर ठेवून देवाला दिवा लावायला गेले. परत आले तर घरभर करपल्याची घाण, पातेलं काळंठिक्कर. हरणाबाई स्टोव्हकडे पाठ करून दोन हातांवर शेंगा सोलत बसलेली.

"हरणाबाई! अगं, वास नाही आला तुला?"

ती दचकून वळली. पातेलं बघितलं आणि तिच्या हातातली शेंग पडली.

"काकू, कुनाला सांगू नगा," ती म्हणाली. "वरीस झालं. आधी बारीक वास जायाला लागलं. मग हळदीचा गेला. आता कशाचाच येत न्हाई. लेकाच्या लेकराची टाळू हुंगते, तर भिंतीला नाक लावल्यावानी."

"मग बरणी कशी हुंगतेस?"

"रहिमानच्या तोंडाकडं बघून. त्यो नाक मुरडतो का बघते."

"आणि रहिमानला वास येतो?"

तिनं पडलेली शेंग उचलली. "त्योबी तितंच हाय की पाच वर्सं," ती हळूच म्हणाली.

मी करपलेलं पातेलं मोरीत टाकलं. वर्षभराचा माल, दोन मेलेल्या नाकांच्या साक्षीनं आणि माझ्या इंग्रजीनं पास झालेला.

त्याच आठवड्यात मुंबईच्या एका व्यापाऱ्याच्या मोठ्या मागणीचा पहिला माल जायचा होता. लहान मुलांच्या खिमटीच्या पिठाची पाकिटं. दर लॉटवर तपासनिसाची सही हवी, अशी त्यांची अट होती. ते पत्र मीच वाचून दाखवलं होतं. हरणाबाईनं सही केली तर ते पीठ लेकरांच्या तोंडात जाणार; खरं सांगितलं तर तिचं स्टूल जाणार, आणि हरिपूरपर्यंत बोभाटा होणार.

"मी तुझ्या नावानं काही सांगणार नाही," मी म्हटलं. "पण तू सांग."

रात्रभर तिनं काय विचार केला मला ठाऊक नाही. सकाळी ती दारात उभी होती. "चला. तुमी नुसत्या संगं उभ्या ऱ्हावा."

लालासाहेब शेडमध्ये चहा पीत होते. तिनं पदर खोचला आणि एका दमात सांगितलं, "मालक, माझं नाक गेलंय. वरीस झालं. मी खोट्या सह्या केल्या."

लालासाहेबांनी बशीतला चहा संपवला. "ठावं हाय मला."

"कवापासनं?"

"गेल्या ईदला रहिमान रजेवर हुता, तवा तुझ्या बरनीत थिनरचा भिजका बोळा टाकला मी. तू हुंगलंस आन् म्हनलीस, पास." ते हसले. "आगं येडे, नाक हुतं तवा तू माझं यंत्र दिवसाआड बंद पाडत हुतीस. आता गुनाची झालीस. बस जा स्टुलावर."

मी आयुष्यात पुष्कळ घाण पाहिली आहे. यजमानांच्या शेवटच्या दुखण्यात दोन वर्षं हातांनी काढली आहे. पण त्या हसण्याइतकं ओंगळ काही पाहिल्याचं मला आठवत नाही.

हरणाबाई हलली नाही. खिमटीच्या पाकिटांचा पहिला लॉट तयार होता, रहिमाननं ठेवलेली बरणी उन्हात तापत होती. ती गेली, बरणी घेऊन आली आणि झाकण न काढता लालासाहेबांपुढे धरली.

"तुमचं नाक हाय न्हवं? हुंगा. आन् सहीबी तुमीच करा."

"हरणे, थट्टा नगं."

"थट्टा तर तुमी केली, मालक. तुमच्या घरात कवा ह्या पुडीची हळद जाती का? मी चक्कीवर बघितलंय तुमच्या मालकिनीला, हळकुंडं घेऊन बसलेली."

लालासाहेबांनी मान फिरवली. तिनं बरणी त्यांच्या टेबलावर ठेवली, रजिस्टर उघडं टाकलं आणि बाहेर पडली. रहिमान खटक्यापाशी उभा होता. तो म्हणाला, "हरणाक्का," आणि वाट सोडून बाजूला सरला.

त्या दुपारी मी मुंबईच्या व्यापाऱ्याला माझ्या नावानं पत्र लिहिलं. तपासनिसाला वर्षभर वास येत नाही आणि मालकाला ते ठाऊक आहे, हे स्वच्छ इंग्रजीत लिहिलं. रजिस्टर्ड पाठवलं. तीन आठवड्यांनी उत्तर आलं. त्याचा मराठी अर्थ असा : आपल्या पत्राची नोंद घेतली. माल वेळेत व समाधानकारक स्थितीत पोचला. त्या लॉटवर लालासाहेबांच्या भाच्याची सही होती. त्याला बारमाही पडसं आहे, हे आमच्या अख्ख्या गल्लीला माहीत आहे. ते पत्र मी डायरीत चिकटवून ठेवलं. लालासाहेबांकडची इंग्रजी पत्रं त्या दिवसापासून बंद केली.

दसऱ्यानंतर हरणाबाईनं मला हरिपूरला बोलावलं. आप्पासो पाटलांचं पेव उघडायचं होतं. चार-पाच गडी, बैलगाडी आणि दोन व्यापारी जमले होते. माती फोडून फरशी बाजूला केली, पेवाला वारा लागू दिला, आत विषारी हवा नाही ना, म्हणून कंदील सोडून पाहिला. मग आप्पासो म्हणाले, "हरणाबाई, ये. सांग बघू."

सगळे तिला वाट करून देत बाजूला सरले. ती पेवाच्या तोंडाशी गेली, पण ओणवी झाली नाही.

"मला इचारू नगा. माझं नाक गेलंय, छापखान्यात. एक पोतं वर काढून फोडून बघा."

एक व्यापारी खाकरला. शेवटी आप्पासो म्हणाले, "व्हय, तसं करू," आणि एक गडी दोर धरून खाली उतरला.

ती माझ्याजवळ येऊन बाभळीखाली बसली. कनवटीची डबी काढली, तळहातावर मिश्री ओतली आणि पाच वर्षांनी दातांना लावायला लागली. पहिलं पोतं वर आलं. फोडलं. पिवळ्याधमक हळदीचा वास माझ्या घशापर्यंत आला.

"कशी हाय, काकू?" तिनं विचारलं.

"सोन्यासारखी आहे," मी सांगितलं.

तिनं मान हलवली आणि बाजूला थुंकली.