भोईर मॅडमचा शब्द

भोईर मॅडम कुणाचंही नाव घेत नसत. "एक जण उद्या रजेवर आहे," असं सांगायच्या आणि डबा उघडायच्या. कोण, असं विचारलं की तांदळाच्या भाकरीचा तुकडा मोडत म्हणायच्या, "नावाशिवाय अडतंय का तुझं?" सख्ख्या भाचीचं लग्न ठरलं तेव्हाही आम्हाला कळलं ते एवढंच, की "आमच्याकडे एक जण बोहल्यावर चढतेय." स्टाफरूममध्ये यावरून त्यांची भरपूर थट्टा व्हायची. मी नवी असूनही हात धुऊन घ्यायचे.

हे वळण त्यांना लागलं ते कॉलेजच्या तक्रार समितीमुळे. लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणारी ही समिती आमच्याकडे भिंतीवरच्या फलकापुरतीच होती. मॅडमना अध्यक्ष केलं आणि त्यांनी ते काम मनावर घेतलं. समितीच्या खोलीत शिरणारी मुलगी अख्ख्या कॉलेजला दिसते, म्हणून त्या मुलींना रविवारी शेलार गावातल्या आपल्या घरी बोलवायच्या. समितीतले बाकीचेही तिथेच यायचे. मुलीनं आधी जेवायचं, मग बोलायचं. यंत्रमागाच्या वस्तीतली कुणी रडायला लागली की मॅडमचं हिंदी सुरू व्हायचं, "बेटा, पहले खा ले. रोने को पूरा दिन पड़ा है." दर वर्षी नव्या मुलींना त्या उभं राहून सांगायच्या, "तुमचं नाव माझ्या तोंडून कुणी ऐकणार नाही." मुली यायच्या त्या या एका वाक्यावर.

अशीच एक आली. तिचं सगळं मला कळलं ते नंतर. अंबाडीच्या पुढच्या एका गावातली. गावाचं नाव मी लिहीत नाही. केमिस्ट्रीचे एक सर प्रॅक्टिकल संपल्यावर तिला थांबवून घेत, मार्कांच्या गोष्टी करत आणि अंगाला हात लावत. हे सांगतानाही तिला सरांपेक्षा घरची भीती जास्त होती. "मॅडम, घरी कळलं ना, तर माझं शिकणं बंदच हाय. मला गोडाऊनला लावतील," असं ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. मॅडमनी तिला शब्द दिला. समितीनं चौकशी केली, सर दोषी ठरले, आणि अहवाल संस्थेच्या संचालक मंडळापुढे गेला. अहवालात मुलीचं नाव अर्थातच नव्हतं.

त्या बैठकीला शिक्षकांची प्रतिनिधी म्हणून मी होते. चहा झाला, बिस्किटं झाली, आणि एका सभासदानं सहज विचारावं तसं विचारलं, "मुलगी कशी आहे पण? म्हणजे वागायला वगैरे?" भोईर मॅडमना इतकं संतापलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. "अहो, अंबाडीच्या पुढून दोन गाड्या बदलून येते ती पोर! आई वीटभट्टीवर जाते. गावातून सायन्सला आलेली पहिली मुलगी, आणि तुम्ही तिचं वागणं विचारता?" सर्वांत वयस्कर सभासद तात्या, त्याच भागातले शेतकरी गृहस्थ, त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. सरांना काढायचं आणि त्यासाठी लागणारी संस्थेची पुढची चौकशी लगेच सुरू करायची, असं ठरलं. मला मॅडमचा फार अभिमान वाटला.

तात्या मनाने सरळ माणूस. त्याच आठवड्यात त्या बाजूला कुणाची तरी हळद होती. आमच्याकडची हळद म्हणजे सगळी गावकी, भावकी आणि बेंजोवाल्यांचा दणका. तिथे त्यांना मुलीचे वडील भेटले. धीर द्यावा म्हणून तात्या त्यांच्याजवळ गेले. बेंजो जोरात होता, म्हणून त्यांना ओरडून बोलावं लागलं. "घाबरू नको रे! त्या मास्तरला आम्ही घरी बसवतो! तुझी पोर ती माझी पोर हाय!" वडिलांना यातलं काहीच माहीत नव्हतं. शेजारी बसलेल्यांनाही नव्हतं.

मुलगी यायची बंद झाली. मॅडम मला घेऊन तिच्या घरी गेल्या. वडिलांनी पाणी दिलं, खुर्च्या दिल्या. मुलगी आतल्या खोलीतून बाहेर आली नाही. "तुमी चांगल्या हायत, मॅडम," वडील म्हणाले, "पण शिकली तेवढी बास झाली." मॅडम हात जोडून म्हणाल्या, "मी तिचं नाव घेतलं नव्हतं हो." वडिलांच्या आवाजात राग नव्हता. "नाव कशाला लागतंय, मॅडम? गावातून तुमच्या कालेजात जाणारी एकच हाय."

परतताना रिक्षात मॅडम एवढंच बोलल्या, "मी तिचं सगळं सांगितलं गं. नाव तेवढं झाकून ठेवलं."

पुढच्या चौकशीला मुलगी आली नाही, तिला पाठवलंच नाही. मग पुराव्याअभावी सरांना लेखी समज देऊन प्रकरण मिटवलं. सर आजही प्रॅक्टिकल घेतात, परवा मला त्यांनी वाढदिवसाचा पेढा दिला. मुलगी एका गोडाऊनमध्ये खोकी भरते. मॅडमनी अध्यक्षपद सोडायला अर्ज केला, पण त्यांच्याइतकं कुणी हे काम करत नाही म्हणून तो कुणी घेईना. त्या वर्षी नव्या मुलींपुढे त्या बोलल्या, नियम सांगितले, आणि खाली बसल्या. ते एक वाक्य आलं नाही.

काही महिन्यांनी दुपारी स्टाफरूममध्ये आम्ही दोघीच असताना एक मुलगी दारात येऊन उभी राहिली. तिचा चेहरा बघूनच मी पुस्तकं उचलायला लागले. मी दाराशी पोचेपर्यंत तिनं विचारलंसुद्धा.

"मॅडम, घरी नाही ना कळणार?"

भोईर मॅडमनी डबा बाजूला सरकवला. मग म्हणाल्या, "कळू नये म्हणून मी सगळं करीन, बाळ. पण कळणार नाही, असं आता मला म्हणवत नाही."

"मग राहू दे, मॅडम." मुलगी मागे वळली, आणि पुन्हा थांबली. "कुणी विचारलं तर मी नोट्स मागायला आले होते असं सांगा."

मॅडम उठल्या. कपाट उघडून त्यांनी हाताला लागल्या त्या नोट्स काढल्या आणि तिच्या हातात दिल्या, बाहेर जाताना तिचे हात रिकामे दिसू नयेत म्हणून.