कलमे मान्य आहेत

आंबा विम्याचा हप्ता कसा ठरतो हे माझ्या काकांना अजून पटलेलं नाही. खरं सांगायचं तर मलाही नाही. पण मी जन्मभर शाळेत शिकवलं, त्यामुळे स्वतःला न पटलेलं दुसऱ्याला समजावण्याची मला सवय आहे.

तोंडवलीच्या वर, कातळाच्या सड्यावर काकांची हापूसची त्रेचाळीस कलमं. पहिल्यांदा विमा उतरवायचं ठरलं तेव्हा त्यांची समजूत अशी, की कोणीतरी येऊन झाडं बघणार आणि मग ज्याच्या त्याच्या बागेप्रमाणे दर ठरवणार. त्यांनी गवत काढलं, बांडगुळं छाटली, बुंध्यांना गेरू लावला. खोडकिडा लागलेलं एक कलम होतं, ते पाहुण्याला अगदी शेवटी दाखवायचं ठरलं. पाहुण्यासाठी शहाळीही काढून ठेवली. तीन दिवस वाट बघून ती आम्हीच प्यायलो.

मग मी त्यांना सेवा केंद्रात नेलं.

"गो बाय, माझी कलमां बघूक कोण येतलो?" त्यांनी संगणकावरच्या मुलीला विचारलं.

मुलगी आमच्याच वाडीतली, पण खुर्चीत बसलं की आमच्याकडे जिभेला आपोआप इस्त्री होते. "कोणी येत नाही, काका. जिल्ह्याला एकच दर असतो. आणि भरपाई महसूल मंडळातल्या हवामान केंद्रावरून ठरते."

म्हणजे काका पहाटे उठून फवारणी करोत, की शेजारचे मुंबईकर गणपतीला येऊन बागेकडे नुसती मान वर करून बघोत, हप्ता दोघांना सारखाच. ऊनपाऊस सोसायचा झाडांनी, आणि त्याची साक्ष द्यायची तीन गावं पलीकडे कुंपणात उभ्या असलेल्या यंत्राने. काकांचा चेहरा उतरला. हप्ता कमी व्हावा असं त्यांचं म्हणणं नव्हतंच. झाडं कोणीतरी बघावीत, एवढीच त्यांची हौस होती.

"'वरील सर्व कलमे मला मान्य आहेत.' इथे सही करा," मुलगी म्हणाली.

"मान्य काय गो, माझीच आसत ती," म्हणत काकांनी सही केली.

गेल्या हंगामात ऐन मोहोरात सड्यावर पाऊस पडला. यंत्रावर पडला नाही. मोहोर काळा झाला आणि कागदोपत्री हवामान उत्तम राहिलं. मी भयंकर चिडलो. रागाच्या भरात अर्ज लिहिला: 'झाड न पाहता झाडाचा निवाडा करणारी ही कसली पद्धत?' वाक्य असं काही जमलं होतं, की ते वाचून दाखवायला मी मुद्दाम सडा चढून गेलो.

काकांनी शांतपणे ऐकून घेतलं. "कलमां किती लिवलंस?"

"त्रेचाळीस."

"मोज."

मी मोजली. परत मोजली. एकेचाळीसच भरली. खोडकिड्याचं ते कलम आणि त्याच्या शेजारचं, दोन्ही चार वर्षांपूर्वीच्या वादळात आडवी झाली होती. त्या चारही वर्षांचे फॉर्म मीच भरले होते, घरात झोपाळ्यावर बसून, मोबाईलवर.

"त्या यंत्राक पाय नाय," काका म्हणाले. "तुका आसत मा?"

मला फार लाज वाटली. तिथेच बांधावर बसून मी आकडा दुरुस्त केला, आणि ते वाक्य खोडलं. चांगलं जमलं होतं.