हात मागे बांधून उभे आप्पा

तुम्ही कुणाला मदत करता, तेव्हा तुमचे हात कुठे असतात?

हिरामण आप्पांचे पाठीमागे असत. साखर कारखान्यात जन्मभर मीटर आणि काटे सांभाळून ते निवृत्त झाले होते. शहाद्याच्या एसटी स्टँडमागच्या खोलीत ते जुने लॅपटॉप लिनक्सवर, म्हणजे विंडोजऐवजी चालणाऱ्या फुकट, खुल्या प्रणालीवर, चालू करून देत. ‘करून देत’ हे मी चुकीचं लिहिलं. ज्याचा लॅपटॉप त्याला ते खुर्चीवर बसवत आणि स्वतः मागे उभे राहत, डाव्या हाताने उजवं मनगट धरून. एक कापडदुकानदार शेठजी एकदा वैतागले, “आप्पा, आप ही कर दो ना. मेरा टाइम जाता है।”

“मन्हा हात लागना ते मशीन मन्हं व्हई जाई, शेठ,” आप्पा म्हणाले. “मंग रोज मन्हाकडे येशात. त्यामा कितला टाइम जाई?”

शेठजी गुपचूप टाइप करू लागले.

मी चळवळीची पत्रकं वाचत मोठा झालो. लिनक्सही मला आधी घोषणा म्हणूनच भेटलं. टाकाऊ लॅपटॉप गोळा करून, त्यांत ते भरून मी धडगावकडच्या गावांत वाटले. प्रत्येकासोबत एक पत्रक होतं : ‘यंत्र तुमचं, मालकी तुमची.’ ते मीच लिहिलं होतं आणि त्याचा मला अभिमान होता.

त्यातला एक लॅपटॉप जमनाताई पावरा यांना गेला. त्यांचा नर्सिंगचा कोर्स झाला होता आणि सरकारी भरतीचा अर्ज भरायचा होता. शेवटच्या दिवशी सकाळी त्यांचा फोन आला, लॅपटॉपवर वायफाय लागत नाही म्हणून. मी त्यांना आप्पांच्या खोलीवर बोलावलं. जीपने घाट उतरून त्या आल्या, तेव्हा दुपारचे साडेतीन झाले होते. लॅपटॉप ओढणीत गुंडाळलेला होता. साइट पाचला बंद होणार होती.

“अपडेट आलं, मी हो म्हटलं,” त्या म्हणाल्या. “मग वायफायचं चिन्हच गेलं. आणि फोटो जोडायची चौकट उघडते, तिचं खालचं बटण पडद्याबाहेर राहतं. अक्षरं लहान केली तर वाचता येत नाहीत.”

“अक्षरं कधीपाईन मोठी शेत?” आप्पांनी विचारलं.

“पहिल्यापासून. लिनक्स असंच असतं ना?”

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मला आठवलं. लिनक्स भरताना त्या लॅपटॉपचा पडदा काळा पडत होता, म्हणून सुरू होण्याच्या फाइलमध्ये मी ‘नोमोडसेट’ हा एक शब्द टाकला होता. त्याने चित्र येतं, पण पडद्याचा खरा आकार मिळत नाही. तो शब्द नंतर काढायचा असतो. मी काढला नव्हता, कारण आणखी लॅपटॉप वाटायचे होते. वायफाय चालवणारा प्रोग्रॅम, म्हणजे ड्रायव्हरही, पेनड्राइव्हवरून घाईत बसवला होता, तो अपडेटनंतर टिकणारच नव्हता. जमनाताईंना यातलं काही मी सांगितलं नव्हतं.

“समोर नेटकॅफे आहे, ताई,” मी म्हणालो.

“मागच्या वर्षी कॅफेतच भरला. त्याने जन्मतारीख चुकवली, अर्ज बाद झाला. वयात बसायचं हे शेवटचं वर्ष आहे, दादा. या वेळी मीच भरणार.”

मी कीबोर्डकडे हात नेला. आप्पांनी माझं मनगट धरलं.

“हात मांगे.”

“आप्पा, वेळ नाही. मी दोन मिनिटांत करतो.”

“मांगला टाइमले बी दोन मिनिटमाच करं व्हतं तू. म्हनीसन ती घाट उतरीसन उनी.”

मी हात मागे घेतले.

जमनाताईंनी स्वतःचा मोबाइल चार्जिंगच्या केबलने लॅपटॉपला जोडला, फोनचं नेट वाटायला लावलं. नेट आलं, नवा ड्रायव्हर उतरवण्यापुरतं. मग आदेश टाइप करायची काळी खिडकी उघडून, आप्पा सांगतील तसा एकेक आदेश आधी स्वतःच्या वहीत आणि मग पडद्यावर. “वही नंतर लिहा,” मी म्हणालो. “नंतर कोनी लिखत नही,” आप्पा म्हणाले.

पासवर्डपाशी त्या थांबल्या. “आप्पा, काहीच उमटत नाही.”

“दिसत नही, पन जाई ऱ्हायना. तू लिखत ऱ्हाय, बेटा.”

दोनदा चुकलं. दोन्ही वेळा आप्पांनी त्यांना चूक मोठ्याने वाचायला लावली. वायफाय आलं, तेव्हा साडेचार वाजले होते. मग सुरू होण्याची ती फाइल उघडली.

“काढ तो शब्द,” आप्पा म्हणाले. “कोनी टाकेल शे?”

“काय माहीत,” जमनाताई म्हणाल्या.

“मी,” मी म्हणालो.

शब्द निघाला. लॅपटॉप बंद होऊन पुन्हा सुरू झाला आणि पडदा कडेपर्यंत भरला. चौकटीखालचं बटण तिथेच होतं. जमनाताई हसल्या, “दादा, तुम्ही मला अर्धीच खिडकी दिली होती की.”

अर्ज गेला, तेव्हा पाचला दहा मिनिटं बाकी होती. जन्मतारीख त्यांनी तीनदा तपासली.

त्या भरतीत त्यांची निवड झाली नाही, नाव यादीत खाली राहिलं. पण अर्ज बाद झाला नाही. पुढच्या एका अपडेटनंतर वायफाय पुन्हा गेलं, तेव्हा त्यांनी मला फोन केला नाही. वही उघडली. आता आसपासच्या पाड्यांवरच्या मुली लॅपटॉप घेऊन त्यांच्याकडे येतात आणि ताई खुर्चीवर बसत नाहीत.

गेल्या हिवाळ्यात आप्पा गेले. त्यांच्या टिपणांची पुस्तिका काढावी, म्हणून मी खोलीवर गेलो. स्क्रूड्रायव्हर, केबली, चष्मा एवढंच होतं. एकही वही नव्हती. “त्यासनी कधी लिखंच नही,” आप्पांच्या पत्नी, काकू म्हणाल्या. “ज्यानं मशीन, त्यानाच हातमा पेन.”

म्हणून मागणी तुमच्याकडेच करतो. कुणी लॅपटॉप किंवा फोन पुढे करून “एवढं करून दे” म्हणालं, तर त्याला खुर्चीवर बसवा, त्याचीच वही काढायला लावा आणि आपले हात पाठीमागे धरा. वेळ जाईल. जाऊ द्या.