मुलींना शिक्षा मिळाली पाहिजे

माझ्या नातीला एका आंतरराष्ट्रीय संस्थेत इंटर्नशिप मिळाली, हे जबलपुरातल्या आपल्या मराठी घरांना ठाऊक आहे. ती कशी मिळाली तेही ठाऊक आहे, कारण ते मीच मराठी मंडळात सांगितलं, लग्नांत सांगितलं आणि एकदा दातांच्या डॉक्टरच्या खुर्चीत भूल चढेपर्यंत सांगितलं. गोष्ट अशी की, मुलीने अर्जात 'शिक्षण' लिहायचं तिथे 'शिक्षा' लिहिलं, मुलाखतीत फजिती झाली, आणि आजोबांनी ऐन वेळी पुढे होऊन बाजू सावरली. लोक आधी हसतात, मग माझ्याकडे आदराने पाहतात. त्या आदरापोटी मंडळाने मला मुलांच्या शुद्धलेखनाचा रविवारचा वर्ग दिला. पोरं मला गुरुजी म्हणतात आणि मी फळ्याकडे तोंड फिरवतो. म्हणून आता जसं घडलं तसं लिहितो.

आमचं घर राइट टाउनमध्ये. पूर्वज मराठ्यांच्या चाकरीत इकडे आले, हे आमच्याकडे पाहुण्याला पहिल्या चहाबरोबर सांगितलं जातं. माझी सगळी नोकरी शिक्षा विभागात झाली. कुंडमच्या जंगलातल्या शाळा, पाटनकडच्या शाळा, त्यांच्या तपासण्या, अहवाल, सारं काही हिंदीत. घरी मात्र मराठीचा पहारेकरी मी. बायको वर्ध्याकडची. ती 'काहून' म्हणाली की मी 'का' म्हणायचो. लग्नापासून हे चालू आहे. पंख्याच्या आवाजाकडे जितकं लक्ष द्यावं तितकंच ती माझ्याकडे देते.

नात आमच्याकडे राहून शिकली. मराठी तिला सगळी समजते, बोलताना मात्र वाक्य मराठीत निघतं आणि हिंदीत पोहोचतं. त्या संस्थेचं काम विदर्भातल्या खेड्यांत होतं. शाळा सोडून घरी बसलेल्या मुलींना भेटायचं, त्यांच्याशी बोलायचं, त्या परत शाळेत जातील असं पाहायचं. नातीला हे काम फार हवं होतं. दुसरीकडे कुठे अर्जच केला नव्हता तिने. इंग्रजीतला सगळा अर्ज तिने एका दुपारी भरून टाकला. माझ्याकडे आली ती फक्त मराठीपुरती. एका तक्त्यात भाषा किती येते ते लिहायचं होतं, आणि खाली अर्धं पान, स्वतःच्या शब्दांत, मराठीत.

"आबा, मराठीसमोर 'मध्यम' लिहून राहिली मी. चालेल ना?"

"मातृभाषा, आणि मध्यम?"

"बोलते ठीकठाक. लिहिण्यात गडबडच आहे ना."

"'उत्तम' लिही. आपल्या घराण्यात मध्यम कोणी झालं नाही."

स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, "तुमची मॅट्रिकची मार्कशीट काढू का बाहेर?"

नातीने हसत हसत 'उत्तम' लिहिलं. मग अर्ध्या पानाचा कच्चा खर्डा दाखवला. त्यात होतं, 'मला मुलींशी बोलायला आवडते. त्या शाळा सोडून काहून घरी बसून राहिल्या ते मला त्यांनाच विचारायचे आहे.'

आंतरराष्ट्रीय संस्थेच्या अर्जात 'काहून'! मी तो कागद उलटा ठेवला, पेन घेतलं आणि एका बैठकीत नवा मजकूर लिहून काढला. तो मला अजून पाठ आहे. 'खेड्यापाड्यांतील प्रत्येक मुलीला शिक्षा मिळालीच पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. गरिबीमुळे एकही मुलगी शिक्षेपासून वंचित राहता कामा नये. त्यासाठी मी घरोघरी जाईन. माझी तशी चेष्टा राहील.'

ती वाचता वाचता थांबली. "आबा, शिक्षा म्हणजे पनिशमेंट ना? आजी म्हणते ना, थांब, शिक्षा करीन."

"तुझी आजी वर्ध्याची आहे. शिक्षा म्हणजे शिक्षण. मी त्या खात्यात नोकरी केली आहे."

तिने ते जसंच्या तसं उतरवलं.

मराठीत शिक्षा म्हणजे काय हे मला ठाऊक नव्हतं, असं नाही. शाळेत असताना ती भरपूर भोगली होती. पण नंतर तोच शब्द दारावरच्या पाटीवर, शिक्क्यावर, पगाराच्या चिठ्ठीवर इतकी वर्षं पाहिला की तो माझ्या डोक्यात मला न सांगता घर बदलून बसला. 'चेष्टा'चंही तेच. हिंदीत प्रयत्नाला चेष्टा म्हणतात, आणि वरिष्ठांना पाठवलेल्या प्रत्येक पत्राच्या शेवटी मी ती केलेली आहे.

मुलाखत दुपारी होती, लॅपटॉपवर. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप, नातीच्या मागे पुस्तकांचं कपाट, आणि समोर, कॅमेऱ्यात येणार नाही असा मी. अडली तर सांगावं म्हणून. पडद्यावर संस्थेच्या दिल्लीच्या कार्यालयातली तिघं होती. दोघांनी इंग्रजीत विचारलं, ती छान बोलली. मग तिसऱ्या बाई मराठीत सुरू झाल्या. आवाज गोड, चष्मा दोरीला लटकवलेला.

"तुम्ही लिहिलंय, प्रत्येक मुलीला शिक्षा मिळालीच पाहिजे. मला सांगा, त्या बिचाऱ्यांचा गुन्हा काय?"

नातीने लॅपटॉपच्या वरून माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरात एकादशी शोधू लागलो.

"आणि ही शिक्षा द्यायला तुम्ही घरोघरी जाणार," बाई पुढे म्हणाल्या. "वर त्यांची चेष्टाही करणार."

नात लाल झाली, मग हसायलाच लागली. "मॅडम, चूक झाली. हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण. आमच्या घरी दोन्ही भाषा एकाच दारातून येतात-जातात, तर कधी कधी चपला बदलून जातात."

बाई मोठ्याने हसल्या. मला हायसं वाटलं. पण त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला.

"तुम्ही लिहिण्यासमोर 'उत्तम' लिहिलंय."

"उत्तम नाही, मॅडम. मध्यम. मध्यमच्याही थोडं खाली. म्हणजे मराठीतलं खाली, हिंदीतलं रिकामं नाही."

"बोलता तुम्ही अशा, आणि कागदावर 'वंचित राहता कामा नये'. हा मजकूर तुम्हीच लिहिलात का?"

नात खोटं बोलणारी नाही, आणि माझं नाव घेणारीही नाही. ती म्हणाली, "खाली सही माझी आहे."

"सहीचं नाही विचारलं मी. दुसऱ्याने लिहिलेला अर्ज आम्ही बाजूला ठेवतो. म्हणून विचारते."

आता सगळं माझ्यावर होतं. तोंड उघडलं तर नातीचा अर्ज बाजूला, नाही उघडलं तर तिला खोटं बोलावं लागणार. असं मी मनात तोलत होतो, म्हणजे खरं तर बसून होतो. तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून बायकोचा आवाज आला, थेट दिल्लीपर्यंत जाईल असा.

"अहो, काहून बसून राहिले? जा ना समोर! सांगून टाका!"

"कोण बोललं?" पडद्यावरच्या बाईंनी विचारलं.

"आजी," नात म्हणाली. "आणि जे नाही बोलून राहिले, ते आबा."

मी उठलो आणि कॅमेऱ्यासमोर वाकून उभा राहिलो. नंतर कळलं की त्यांना माझी फक्त हनुवटी आणि स्वेटरचं बटण दिसत होतं. मी म्हणालो, "बाई, हे मी लिहिलं. तिने विचारलंही होतं, शिक्षा म्हणजे पनिशमेंट ना म्हणून. मीच ऐकलं नाही. 'उत्तम'ही मीच लिहायला लावलं. तिचं लिहिलेलं वेगळं होतं."

तिघं आपसांत बोलली. आवाज बंद करून, त्यामुळे नुसते ओठ हलताना दिसले. मग बाई म्हणाल्या, "आजोबा, तुम्ही घराबाहेर जाऊन बसा. आजींना सोबत न्या. आम्ही चहा घेऊन येतो, तोवर हिने आत्ता, इथेच, स्वतःचं लिहावं. मग ठरवू."

आम्ही दोघं पायरीवर बसलो. समोरून स्कूटर जात होत्या, एक ऑटोवाला उतारूशी भाड्यावरून वाद घालत होता. बायकोच्या हातात अर्धवट निवडलेली मेथी तशीच होती.

"गेलं बहुतेक," मी म्हणालो.

"गेलं तर गेलं. पोरगी तर खोटं नाही बोलली."

"मीही खरंच बोललो."

"हो तर. ढकलल्यावर गाडी बी चालते."

दार किलकिलं झालं. नात विचारत होती, "आजी, 'विहीर'ला पहिली वेलांटी कोणती?" माझं तोंड आपोआप उघडलं. बायकोने मेथीचा हात माझ्या तोंडावर ठेवला आणि म्हणाली, "जशी येते तशी लिही, बेटा. जा."

तिने काय लिहिलं ते मला दाराबाहेरून, ती कागदाचा फोटो पाठवून पडद्यावरच्यांना वाचून दाखवत असताना कळलं. शाळेत तिच्या वर्गातली एक मुलगी यायची बंद झाली होती. तिच्या घरी गेल्यावर ती म्हणाली होती की घरचं पाणी भरावं लागतं, विहीर लांब आहे. नात लहान होती, काय बोलावं हे न कळून परत आली. 'आता मला परत जाऊन बोलायचे आहे. ती नाही तर दुसरी कोणी,' असं शेवटचं वाक्य होतं.

बाईंनी चष्मा उतरवला. मग म्हणाल्या, "वेलांट्या सगळ्या चुकल्या आहेत. त्या आम्ही शिकवू. तक्त्यात 'मध्यम' करून पाठवा."

काही दिवसांनी ईमेल आला. नातीने ओरडून शेजारची कुत्री जागी केली. हे सगळं इथवर आनंदाचं आहे. माझं बिघडलं ते पुढे. मंडळात कोणी विचारलं, तेव्हा मी म्हणालो, "पोरीने शिक्षा लिहिलं, मग मी जरा पुढे होऊन समजावलं." एवढंच. पण ऐकणाऱ्यांचे चेहरे असे उजळले की पुढच्या वेळी मी त्यात थोडी फोडणी घातली, त्याच्या पुढच्या वेळी कोथिंबीर. एका लग्नाच्या पंगतीत नात शेजारीच बसली होती. मी सांगत होतो आणि ती ऐकत होती. कोणाच्या तरी सासूबाई तिला म्हणाल्या, "स्वतःचं नाव तरी येतं ना बाई मराठीत?" सगळे हसले. मी थांबायला हवं होतं. नात म्हणाली, "हो ना, आबांनीच वाचवलं मला," आणि तिने आणखी एक जिलेबी घेतली. ती जिलेबी मला अजून पचलेली नाही.

हे लिहायला घेतलं तेव्हा तिला फोन केला. ती कुठल्याशा गावात, शाळेच्या ओट्यावर होती. मागे मुलींचा गलबला ऐकू येत होता.

"काहून लिहून राहिले, आबा? राहू द्या ना. मी इथे ती गोष्ट रोज सांगते. मी सगळ्यांना शिक्षा द्यायला निघाली होती म्हटलं की मुली हसतात. मग त्याही आपापल्या गडबडी सांगतात, आणि मग बोलायला लागतात."

"पण ती गडबड तुझी नाही."

"माहीत आहे मला."

"मग त्यांना खरं सांग. म्हणावं, आबांनी लिहिलं. आणि मी विचारलं तरी ऐकलं नाही."

"म्हणजे म्हातारा माणूस चुकला, आणि मुलगी बरोबर होती?"

"हो."

"आबा, हे तर त्यांना फारच आवडेल," ती म्हणाली आणि तिथेच ओरडली, "ए, इकडे या सगळ्या! ऐका!" मग बायकोने माझ्या हातातून फोन घेतला, स्पीकरवर लावला, आणि खुर्ची ओढून ऐकायला बसली.