साखरेच्या रांगेतली मोकळी जागा

भूतखेत, करणी, झपाटणं... या गोष्टी सांगणाऱ्या माणसाला मी आजवर तोंडावर खुळा म्हणत आलो. आमच्यात अंगात येणाऱ्या बायका होत्या, त्यांच्यासमोरही म्हणालो. बायको म्हणायची, "तुमच्या जिभेला हाड नाही." नाही तर नाही. मी शिंपी माणूस. जे टेपनं मोजता येतं ते खरं, बाकी सगळं बोलणं. म्हणून हे लिहायला मलाच लाज वाटते. पण शेजारचे मास्तर हे मासिक मला वाचून दाखवतात, त्यात लोकांचे असले अनुभव येतात. म्हटलं, आपलाही द्यावा. मी तिसरीपर्यंत शिकलो. चुका असतील त्या छापणाऱ्यांनी बघून घ्याव्या.

आम्ही बेंगळुरातले जुने. आजोबांच्या आधीपासून इथंच, चिकपेटेच्या मागच्या गल्लीत. घरात मराठी, दाराबाहेर कन्नड. एका वठारात राहायचो — म्हणजे एका अंगणाभोवती नऊ घरं, एक विहीर, एक न्हाणी, आणि भांडणं नव्वद. त्या वठाराच्या जागेवर आता शॉपिंग सेंटर झालंय. दुमजली. वर कापडवाले, भांडीवाले, एक चष्म्याचं दुकान. खाली सगळा तळमजला किराणा भांडाराचा. तांदूळ, डाळ, तेल, सगळं किलोनं, बांधलेल्या पुड्यांत. मल्लेश्वरमच्या बायकासुद्धा बस बदलून येतात. कारण या टंचाईतही साखर तिथं मिळते.

आता मागचं सांगायला हवं, त्याशिवाय कळणार नाही.

लग्नाला चौदा वर्षं झाल्यावर आम्हाला मूल झालं. मुलगा. नऊ दिवस जगला. बारसं व्हायचं होतं, म्हणून नावसुद्धा नाही. दात न आलेल्या पोराला जाळत नाहीत, पुरतात. आणि ते बापानं करायचं, बाळंतीण बाई कशी येणार? माझी बायको यमुना खाटेवर पडूनच म्हणाली, "अहो, लांब नका नेऊ. इथंच मागं ठेवा. मला ऐकू येईल एवढ्यात."

मी घरमालकाकडे गेलो. तो म्हणाला, "विहीर आहे, नऊ घरं पाणी पितात. नको." त्याचंही चूक नव्हतं. मग पोराला पांढऱ्या पॉपलीनमध्ये गुंडाळलं, सायकलवरून नाही, चालत नेलं, तळ्याकाठी. भर दुपार होती. एकटाच होतो.

परत आलो तर यमुनेनं विचारलं, "कुठं ठेवलंत?"

मी म्हणालो, "मागं. न्हाणीच्या पलीकडे, कढीपत्त्याखाली."

का म्हणालो? तिचं तोंड बघून म्हणालो. एवढंच. आणि ती उठून बघायच्या आत कढीपत्त्याखाली कुदळीनं थोडी माती उकरली, परत ओढली, वर एक चपटा दगड ठेवला. घरमालकाला सांगितलं, गप्प बस, तर तो बसला.

त्यानंतर बारा वर्षं. रोज आंघोळ झाली की यमुना तिथं एक तांब्या पाणी घालायची. आणि कुणाला तिथून जाऊ द्यायची नाही. न्हाणीकडे जाणारा रस्ता तिथूनच, पण हिचं आपलं सुरू — "बाजूनं या! ए अक्का, बाजूनं!" पाहुणे आले तरी ओरडायची. इन्स्पेक्टर आला होता विहीर तपासायला, त्यालासुद्धा ओरडली. शेवटी नऊ घरांतली माणसं सवयीनं वळसा घालायची. मी पण घालायचो. खाली काही नाही हे माहीत असून घालायचो.

मग मालकानं जागा विकली. नोटिसा आल्या, लोक गेले. आमचं घर शेवटचं. मजूर मागची जमीन खणायला आले तेव्हा यमुना कढीपत्त्याखाली जाऊन बसली. दगडावर हात ठेवून. कंत्राटदार ओरडला, मुकादम हात जोडायला लागला. ती एकच म्हणत होती, "आधी माझं पोर काढून द्या, मग खणा."

आणि मी तिथंच उभा होतो. एक वाक्य बोललो असतो तर ती उठली असती. पण ते वाक्य तोंडातून काढायचं म्हणजे बारा वर्षांचं पाणी वाया गेलं म्हणायचं. नाही बोललो. शेवटी पुट्टम्मानं — समोरच्या घरातली, आमच्याशी मोडकं मराठी बोलते — तिनं आणि अजून दोघींनी यमुनेला धरून उठवलं. मजुरांनी खणलं. काही निघालं नाही. यमुना म्हणाली, "एवढासा जीव, काय राहणार? मातीच झाला असेल." म्हणजे माझं खोटं तिनंच पुरं केलं.

आम्ही पलीकडच्या गल्लीत एका खोलीत आलो. सहा महिन्यांत ती गेली. छातीत कफ झाला होता. जायच्या चार दिवस आधी म्हणाली, "दुकान झालं की तिथं एकदा जा. लोकांना सांगा, तेवढ्यावरून जाऊ नका म्हणावं. बाजूनं जा म्हणावं."

मी म्हणालो, "सांगतो."

भांडार उघडलं. मी गेलो नाही. लोकांना काय सांगणार, कप्पाळ? सात-आठ महिने त्या रस्त्यानं जायचं टाळलं. पण साखर दुसरीकडे मिळेना, आणि बिनसाखरेची कॉफी मी पिऊ शकत नाही. गेलो पिशवी घेऊन.

सकाळचे दहा असतील. आत ही गर्दी! पाय ठेवायला जागा नाही. साखरेची रांग काउंटरपासून निघून मध्ये जाते, तिथं वाकते, मग दाराकडे. मी रांगेत उभा. मला वाटलं, मध्ये खांब असेल म्हणून वाकलीय. पुढं सरकलो तर खांब नाही. काहीच नाही. मोकळी फरशी. आणि नुसती रांगच नाही, तेलाचा डबा घेतलेला हमाल, पोराला कडेवर घेतलेली बाई, सगळे तिथं आले की जरासे वळतात नि पुढं जातात. खाली कुणी बघत नाही. बोलता बोलता वळतात. पाणी दगडाला वळसा घालतं तसं.

माझ्या मागच्या माणसानं ढकललं, "अण्णा, स्वल्प पुढे व्हा." मी साखर न घेताच घरी आलो.

दुसऱ्या दिवशी टेप घेऊन गेलो. शेजारच्या तेलघाण्याची दगडी भिंत अजून तशीच आहे, भांडाराची मागची बाजू तिलाच लागून. वठारात होतो तेव्हा त्या भिंतीपासून कढीपत्ता सव्वाअकरा फूट. मला पाठ होतं, तिथं दोरी बांधून मी कापड वाळवायचो. भिंतीपासून मोजलं. सव्वाअकरा फुटांवर ती मोकळी जागा सुरू. गुडघ्यावर बसून तिलाही टेप लावली. अठ्ठावीस इंच बाय वीस. बाकी सगळी फरशी पायांनी मळकी झालेली, तेवढी नवी कोरी. पॉलिश तसंच.

बिलं लिहिणारा नंजप्पा काउंटरवरून ओरडला, "काय ताता, दुकानाला सदरा शिवताय?" ताता म्हणजे आजोबा. सगळे हसले. मी म्हणालो, "तुझ्या तोंडाला शिवतोय." पण मग त्याला जवळ बोलावून विचारलं, इथून कुणी का जात नाही? तो म्हणाला, "जात नाहीत? कोण म्हणतं?" मी म्हटलं बघ. तो बघत राहिला. पाच मिनिटं बघितल्यावर त्याचं हसू गेलं. म्हणाला, "उतार असेल." मी फरशीवर दोऱ्याचं रीळ ठेवलं. हललं नाही. म्हणाला, "पंख्याचा वारा." पंखा बंद होता.

मग मला वाटलं, वठारातल्या माणसांची सवय असेल, त्यांचं बघून बाकीचे. म्हणून पुट्टम्माला घेऊन गेलो. तिला काही सांगितलं नाही. म्हणालो, "अक्का, या दारापासून त्या काउंटरपर्यंत सरळ चालून दाखवा."

"अय्यो, शिंपीअण्णा, म्हातारपणी माझं चालणं बघायचं तुमाला?"

"चाला हो."

ती चालली. तिथं आली, वळली, पुढं गेली.

"वळलात का?"

"कुठं वळली? सरळ आली की मी!" आणि शपथा घ्यायला लागली. वठारातली ती कढीपत्त्याची जागा नेमकी इथंच होती हे तिला कळलंच नव्हतं. मी सांगितल्यावर मटकन तांदळाच्या पोत्यावर बसली. म्हणाली, "यमुनक्का उभी आहे. ती सांगते सगळ्यांना." मी तिला म्हटलं, तोंड बंद ठेव.

एका मल्लेश्वरमच्या बाईंनाही विचारलं, मोठ्या साहेबाच्या घरच्या असाव्यात. "बाई, तुम्ही इथं का वळलात?" त्या म्हणाल्या, "मी कुठेही वळेन, तुम्हाला काय करायचंय? हे असले म्हातारे दारातच अडवायला पाहिजेत." बरोबर बोलल्या. पण वळल्या होत्या.

शेवटी मी स्वतः. सरळ रेघ मारणं हा माझा जन्माचा धंदा. भिंतीवरच्या घड्याळावर नजर ठेवली नि चाललो. पायाला काही लागलं नाही, थंड वाटलं नाही, काही नाही. गुळाच्या ढेपांशी पोचलो. नंजप्पा हळूच म्हणाला, "ताता, तुम्ही पण वळलात." चार वेळा केलं. चार वेळा वळलो. मला एकदाही कळलं नाही.

तेव्हापासून झोप गेली. घरी बसवेना, मशीनवर पाय चालेना. रोज भांडारात जायचो, पिशवी घेऊन, काही न घेता यायचो. हे एकच डोक्यात — तिथं काही नाही! इतरांना वाटो, पुट्टम्माला वाटो. मला तर माहीत आहे. पोर तळ्याकाठी. कढीपत्त्याखाली मी उकरलेली माती नि दगड. मग लोक वळतात कशाला? कुणासाठी?

एक दिवस नंजप्पा म्हणाला, "सोमवारी इथं तुपाचं काउंटर बसवणार. वरच्या साहेबांनी बघितलं, म्हणाले जागा मोकळीच आहे." खाली बोल्ट ठोकणार म्हणाला.

मजूर आले होते तेव्हा मी गप्प राहिलो होतो. पुन्हा यमुना हात ठेवून बसणार, पुन्हा मी उभा राहून बघणार... नाही झालं माझ्यानं.

शनिवारी सकाळी गेलो. गर्दी होतीच. मी त्या जागेच्या कडेला मांडी घालून बसलो. लोकांना वाटलं म्हाताऱ्याला चक्कर आली. मी मोठ्यानंच बोललो. आसपास सगळे कन्नड, तमिळ बोलणारे, मराठी कुणाला कळतंय?

"यमुने, ऊठ. इथं पोर नाही. कधीच नव्हतं. मालक नको म्हणाला, म्हणून मी तळ्याकाठी ठेवलं. तुला खोटं सांगितलं. बारा वर्षं तू नुसत्या मातीवर पाणी घातलंस आणि मी बघत बसलो. आता ऊठ. इथं राखण करायला काही नाही."

माझं बोलणं संपलं नि एक बाई तांदळाची पिशवी ओढत आली आणि त्या जागेवरून सरळ गेली. पिशवी माझ्या गुडघ्याला घासली. "वाटेत काय बसता अण्णा!" तिच्या मागून हमाल. मग रांगच सरळ झाली. माझ्या डोळ्यांसमोर पाच मिनिटांत त्या फरशीवर चिखलाचे पाय उमटले. नंजप्पा काउंटरमागे उभा राहून बघत होता. त्याचं बिल लिहायचं राहिलं. तुपाचं काउंटर नंतर दुसरीकडे बसवलं, इथं जागाच उरली नाही म्हणाले.

मला वाटलं होतं बरं वाटेल. नाही वाटलं.

आता कुणी शहाणा वाचक लिहील, मनाचे खेळ, सवय, अमुक-तमुक. लिहू नका. मी सगळं मोजलंय. माझ्याकडे उत्तर नाही, तुमच्याकडेही नसणार. यमुना होती का? असेल तर गेली कशी — समजून गेली की रागावून? रागावली की ती भांडायची नाही, उठून जायची. दोन दिवस बोलायची नाही. तिसऱ्या दिवशी मीच जाऊन काहीतरी बोलायचो. आता कुठं जाऊ?

कारण एक घोळ झालाय. मी नुसतं तळ्याकाठी म्हणालो. तळं बुजवलंय आता, वर घरं उठलीत. आणि मोठं तळं होतं ते. तिला कसं सापडणार? रोज भांडारात जाऊन सांगायला बघतो, पण ती मोकळी जागाच उरली नाही, बोलू कुठं, सगळीकडे माणसंच माणसं.

यमुने, उगवतीचा काठ. धोब्यांचे दगड होते त्यांच्या मागं, वीस पावलांवर. एवढं सांगायचं राहिलं.