मारताना तारपा वाजत नव्हता

शेणव्याच्या कातकरवाडीतली गोदी कोणाला भ्यायची नाही, असं तिची नणंद यमू अजून सांगते. ते काही खरं नाही. गोदी विहिरीत डोकवायला भ्यायची, विजेला भ्यायची, आणि मुकादमाला तर सगळी वाडीच भ्यायची. भ्यालेलीच होती ती, आणि तरीही म्हशाच्या जत्रेत तिनं जे केलं ते सगळ्या मुरबाड तालुक्यानं पाहिलं.

तिचा नवरा सुक्या तारपा वाजवायचा. वाळका भोपळा, ताडाच्या पानांचा कर्णा, फटी बुजवायला मेण, सगळं स्वतःच्या हातानं जोडायचा. गाल फुगवून एकदा सुरू झाला की दम तोडायचा नाही. गुणाचा होता असं मात्र नाही. पिऊन आला की गोदीवर हात टाकायचा. गोदीही चुलीतलं लाकूड उपसायची. एकदा त्या लाकडाचा चटका त्याच्या खांद्यावर कायमचा उमटला, आणि तो डाग तो लोकांना हसत दाखवायचा. भांडण झालं की दुसऱ्या दिवशी दोघं एकच पाटी घेऊन खेकडे धरायला जायची.

पावसाळा संपला की वाडी रिकामी व्हायची. ठेकेदाराचा ट्रक यायचा आणि माणसं कोळशाच्या भट्ट्यांवर जायची. अठ्ठावन्न सालच्या फाल्गुनात ही दोघं टोकावड्याच्या वरच्या रानात होती. भट्टी लावायची म्हणजे लाकडं उभी रचायची, वर गवत आणि माती लिंपायची आणि आत धुमसत ठेवायची. मातीला चीर पडली, वारा आत शिरला, की कोळसा होत नाही, सगळ्याची राख होते. म्हणून भट्टीपाशी सतत माणूस लागतो. ते काम सुक्याकडे होतं.

त्याच दिवसांत कुंडलिक तिथं आला. हा किन्हवलीचा कुणब्याचा पोरगा, मुंबईत फिल्म धुण्याच्या कारखान्यात कामाला होता. तिथं एक जुना चावीचा कॅमेरा त्याच्या हाती लागला होता. तारप्यावर फिल्म करायची एवढं एकच त्याच्या डोक्यात होतं. कोणी सांगितलेलं नव्हतं, कोणी पैसे दिलेले नव्हते. आधी त्यानं जड टेपरेकॉर्डरवर सुक्याचं वाजवणं भरून घेतलं. मग एका सकाळी चित्र घ्यायला त्याला ओढ्यातल्या मोठ्या खडकावर नेलं. उजेड चांगला होता. कुंडलिक म्हणायचा अजून थोडं, आणि सुक्याला तर वाजवायचंच होतं.

भट्टी फुटली. धूर पांढऱ्याचा काळा झाला, मग ज्वाळा दिसल्या. गोदी आणि दुसऱ्या बाया माती टाकत धावल्या, पण काही हाती लागलं नाही. लडकू मुकादम दोन माणसं घेऊन आला. राखेकडे एकदा बघितलं, सुक्या कुठे आहे ते विचारलं आणि ओढ्याकडे वळला. गोदी त्याच्या मागं पळाली.

सुक्या अजून वाजवत होता. लडकूनं आधी तारप्याला लाथ घातली. मग तो उचलून सुक्याच्या डोक्यावर आपटला. भोपळा फुटला. त्यानंतर कुऱ्हाडींचे दांडे चालले. सुक्या खडकावरून खाली पाण्यात पडला, त्याला केसाला धरून वर ओढला. दोघांनी त्याचे हात खडकावर दाबून धरले आणि लडकूनं ते दांड्यानं ठेचले, आधी डावा, मग उजवा. सुक्या आधी विनवत होता, मग ओरडत होता, मग नुसता घशातून आवाज येत होता. गोदीनं लडकूच्या पोटरीला दात लावले. त्यानं मागं न बघता दांडा फिरवला, तिचे पुढचे दात तुटून तोंड रक्तानं भरलं. शेवटी लडकू सुक्याच्या छातीवर उभा राहिला.

कुंडलिकचं बोट कॅमेऱ्याच्या खटक्यावर होतं, ते तसंच राहिलं. चावी संपली तेव्हाच कॅमेरा थांबला. नंतर तो शपथेवर सांगायचा की बोट उचलतच नव्हतं. त्याला त्यांनी दोन धक्के देऊन पिटाळलं, त्या पेटीत हे सगळं उतरलंय हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. गावात भाऊबंद असलेल्या कुणब्याच्या पोराला मारलं तर जाब विचारायला माणसं येतात, हे लडकूला माहीत होतं.

बैलगाडी टोकावड्याला पोचायच्या आत सुक्या गेला. झाडावरून पडून मेला, असं कागदावर लागलं. गोदी सुजलेल्या तोंडानं काय सांगत होती ते कोणी लिहून घेतलं नाही.

वर्ष गेलं, दुसरं निम्मं गेलं. एक दिवस कुंडलिक वाडीवर आला. फिल्म तयार झाली होती. मुंबईत चित्रपटांची एक मंडळी ती दाखवणार होती, पुढं दिल्लीच्या महोत्सवातही घेतील अशी आशा होती. गोदीनं सोबत यावं असं त्याला वाटत होतं. यमूनं त्याला हाकलून द्यायला दगड उचलला होता. गोदीनं एवढंच विचारलं की त्यात सुक्या जिवंत आहे का. कुंडलिक म्हणाला, आहे, बराच वेळ आहे. ती लुगडं बदलून निघाली.

मुंबईच्या त्या दालनात पडद्यावर सुक्या आला, गोदीहून दुप्पट मोठा. थुंकला, हसला, तारपा तोंडाला लावला. गोदी खुर्चीतून अर्धी उठली. आजूबाजूचे लोक खुशीत होते. मग लडकू आला, दांडे उठले, आणि तारपा वाजतच राहिला. कॅमेऱ्याला कान नव्हते, त्या वेळचा आवाज कशावरच भरलेला नव्हता. म्हणून कुंडलिकनं तिथं सुक्याचंच आधी भरलेलं वाजवणं लावलं होतं. शेजारच्या बाईचे डोळे भरले होते आणि तिचं पाऊल मात्र ठेक्यावर हलत होतं. गोदीनं ते पाऊल बघितलं आणि बाहेर निघून गेली.

लोक बाहेर पडून कुंडलिकचे हात हातात घेत होते. ते गेल्यावर ती त्याला म्हणाली, "मारताना तारपा वाजत नव्हता. तारपा फुटला होता. तो वरडत होता."

कुंडलिकनं तिला टेपचं आणि कॅमेऱ्याचं समजावून सांगितलं. मग आवाज बंद ठेव, ती म्हणाली. एकदम आवाज गेला तर लोकांना वाटेल मशीन बिघडलं, तो म्हणाला.

दिल्लीत फिल्म घेतली गेली. थंडीत दोघं तिथं उतरली, फिल्मचा पत्र्याचा गोल डबा गोदीच्या मांडीवर. दालन मोठं होतं, परदेशातलेही लोक होते. लडकू पडद्यावर येताच गोदी उठली आणि पुढं जाऊन पडद्याला लागून उभी राहिली. मार तिच्या अंगावर पडत होता, कुऱ्हाडीच्या दांड्यांच्या सावल्या तिच्या तोंडावरून जात होत्या. आणि ती ओरडायला लागली. सुक्या जे बोलला तेच, तसंच. हात नको, लडकूदादा, हात नको, भट्टी मी परत लावीन. मग शब्द संपल्यावरचा तो घशातला आवाज. वर मशीनच्या खोलीत कुंडलिकनं आवाजाचं बटण खाली केलं.

एक म्हातारे गृहस्थ उठून गेले. कोणी तरी रडत होतं, कोणी तरी हे नाटक थांबवा म्हणालं. खेळ संपल्यावर संयोजकांनी कुंडलिकला बाजूला घेऊन परत असं होऊ देऊ नका म्हणून बजावलं. पण एका परदेशी पाहुण्यानं आपल्या देशातल्या महोत्सवासाठी फिल्मची दुसरी प्रत मागून घेतली, आणि कलकत्त्याहून, पुण्याहून बोलावणी आली.

ती दोघं वर्षभर अशी फिरली. तिसऱ्या वर्गाचा डबा, फलाटावरची झोप, मग एखादं दालन, आणि तिथं सुक्याचं परत मरणं. ओरडून ओरडून गोदीचा घसा फाटला, थुंकीत रक्त यायला लागलं. कुंडलिक म्हणायचा, या वेळी राहू दे. ती ऐकायची नाही. लोक आता तिच्यासाठीच यायला लागले होते. तारप्याबद्दल कोणी विचारत नसे.

कलकत्त्यात खेळानंतर कुंडलिकच्या गळ्यात हार घातला, फोटो काढला. खाली जिन्यात दोघंच असताना गोदीनं तो पत्र्याचा डबा दोन्ही हातांनी उचलला आणि त्याच्या तोंडावर मारला. भुवई फाटली, रक्त डोळ्यात उतरलं. त्याच्या सदऱ्यावर, हारावर रक्त. तिनं दुसऱ्यांदा डबा उचलला, मग खाली ठेवला.

"तू त्याला खडकावर नेला," ती म्हणाली.

"हो," कुंडलिक म्हणाला.

त्यानं रुमाल दाबून धरला. सकाळी एकाच गाडीनं दोघं परतीला निघाली. कल्याणच्या आसपास आल्यावर गोदी आपणहून बोलली. या लोकांनी बघून काय होणार, लडकूला तिथं ओळखतो कोण, म्हशाच्या जत्रेत लाव. हे आपल्याला आधीच सुचायला हवं होतं, असं कुंडलिकला वाटलं. मग लावतो म्हणाला.

पौषात म्हशाची जत्रा भरते तेव्हा मुरबाडची आणि शेजारच्या तालुक्यातली माणसं तिथं असतात. बैलांचा बाजार, घोंगड्या, आणि त्या काळी तंबूतला सिनेमा. तंबूवाला कुंडलिकच्या ओळखीचा निघाला. दिवेलागणीच्या खेळाआधी ही छोटी फिल्म लावायला तो कबूल झाला. गोदीनं जत्रेतल्या प्रत्येक कातकऱ्याला, ठाकराला सांगितलं. लडकूलाही कळलं. तो चार माणसं घेऊन आला आणि पुढं जमिनीवर मांडी घालून बसला. कदाचित त्याला स्वतःला पडद्यावर बघायचं होतं.

सुक्या दिसला तेव्हा तंबूभर लोक ओळखून हसले, कोणी त्याला हाकसुद्धा मारली. मग लडकू आला आणि हसू गेलं. कुंडलिकनं आवाज बंद केला. गोदी पडद्यापाशी उभी राहिली. या वेळी ती ओरडली नाही, घसा उरलाच नव्हता. बोट लावून घोगऱ्या आवाजात सांगत गेली. हा लडकू मुकादम. आता हा डावा हात ठेचतो. आता उजवा. इथं सुक्या म्हणाला, पाणी दे.

पहिला दगड लडकूच्या माणसानं मारला, मशीनच्या दिव्यावर. अंधार झाला आणि काठ्या सुरू झाल्या. कुंडलिकला मशीनवरून खाली ओढून तुडवलं, जबडा आणि बरगड्या मोडल्या. फिल्म चाकावरून उपसून बाहेरच्या भजीवाल्याच्या चुलीत कोंबली, ती वितळली, घाण धूर सुटला. पण तंबूत बसलेले लोकही उठले होते. वर्षानुवर्षं मार खाल्लेली माणसं हातात येईल ते घेऊन उठली, बांबू, दोर, दगड. तंबूचा खांब पडला. कनाती फाडून लोक बाहेर आले, दावी तोडून बैल उधळले. लडकूच्या एका माणसाचं डोकं फुटलं, दुसरा बैलांच्या पायांखाली सापडला, तो कायमचा लंगडा झाला. गोदीनं बोलावलेल्या दोन ठाकरांच्या पोटात सुरे गेले, त्यातला एक, पोश्या नावाचा, सकाळपर्यंत टिकला नाही.

लडकू दोरात अडकून पडला होता. गोदीनं तंबूची लोखंडी मेख उपटली. पहिला घाव तोंडावर बसला, डोळा गेला. दुसरा हातावर. तिनं त्याचा हात पायाखाली दाबून धरला आणि मारत राहिली. लोक सांगतात, तो विनवत होता, आणि ती थांबून ऐकत होती, मग परत मारत होती. शेवटी यमूनंच तिला मागून मिठी घालून ओढलं.

लडकू जगला. एका डोळ्यानं, आणि बोटं न मिटणाऱ्या हातानं. खटला ठाण्यात चालला. गोदीनं काही नाकारलं नाही. फिल्म जळाली होती, दुसरी प्रत परदेशात होती, म्हणून सुक्याचं मरण मात्र त्या खटल्यात आलंच नाही, ते झाडावरून पडणंच राहिलं. पोश्याला सुरा कोणी मारला तेही अंधारात गेलं. गोदीला पाच वर्षांची शिक्षा झाली. तुरुंगात सुरुवातीला ती इतर बायकांशी मारामाऱ्या करायची, मग ते थांबलं. कुंडलिक मोडका जबडा घेऊन अधूनमधून भेटायला जायचा, तिनं त्याला दोनदा परत पाठवलं, तिसऱ्यांदा भेटली.

ती सुटून आली तेव्हा वाडीत पुष्कळ बदललं होतं. म्हशानंतर शेणव्याचे कातकरी त्या ठेकेदाराच्या ट्रकमध्ये चढले नव्हते. उपाशी राहिले, दूर विटांच्या भट्ट्यांवर गेले, पण चढले नाहीत. ठेकेदारानं लडकूलाही काढून टाकलं होतं. थोटा मुकादम त्याच्या काय कामाचा.

परदेशात गेलेली प्रत कुंडलिकनं परत आणली होती. तिला तिथं कसला तरी मान मिळाला होता, आणि आता आणखी दोन शहरांनी मागितली होती. निघण्याआधी गोदीनं एकदा बघावी म्हणून त्यानं किन्हवलीच्या शाळेत ती लावली. बघणारी ती, यमू आणि तो. माराच्या तिथं त्यानं आता आवाज काढून टाकला होता. नुसतं मशीन खरखरत होतं. गोदी भिंतीला टेकून शेवटपर्यंत बसून राहिली. चित्र संपल्यावर यमू रडत होती, तिला गोदीनं गप्प केलं.

कुंडलिकनं विचारलं, येतेस का बरोबर, गाडी परवाची आहे.

"नाय," गोदी म्हणाली. "आता त्याला एकट्याला जाऊं दे."

तिनं यमूला उठवलं. शेणव्याची शेवटची बस चुकली होती, म्हणून दोघी चालत निघाल्या. कुंडलिक वेशीपर्यंत पोचवायला आला. वाटेत यमूनं तिला विचारलं की पडद्यावर लडकूला बघून आता काय वाटतं. गोदी म्हणाली, मी लडकूकडे बघितलंच नाही, सुक्याच्या खांद्यावरचा तो चटका दिसतो का ते बघत होते, दिसला.